१५ ला भंगार, ५० ला वारसा, मधल्या गाड्यांनी जायचं कुठे? परिवहन मंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री साहेब,
(आणि परिवहन आयुक्त कार्यालयात, ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत ज्यांच्या टेबलावर हे येईल ते सगळे)

स.न.वि.वि.

साहेब, तुम्ही ठाण्याचेच, ओवळा-माजिवड्यातून निवडून येता, म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आधी तुम्हाला लिहितोय. नियम केंद्राचा आहे हे मला माहितीये, "आमच्या हातात नाही" हे उत्तर मला प्रत्येक टेबलावर मिळून झालंय, त्यामुळे ते तेवढं सोडून बोलू.

मुद्दा असा की आपल्याकडे गाडीला वयं दोनच. १५ वर्षं झाली की म्हातारी, मग रिन्यूअल करा, ग्रीन टॅक्स भरा, दर ५ वर्षांनी परत पासिंग करा, जमत नसेल तर स्क्रॅपला द्या. आणि ५० वर्षं झाली की तीच गाडी एकदम व्हिंटेज, वेगळी नंबर प्लेट, रॅली, लोक शेजारी उभं राहून फोटो काढणार. मधली ३५ वर्षं तिने काय करायचं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. माझी येझदी रोडकिंग मोटरसायकल १९८७ ची आहे, म्हणजे तिला "वारसा" व्हायला २०३७ उजाडेल. यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल आपल्याकडे १९८५ च्या शेवटी आली, सगळ्यात पहिली आरएक्ससुद्धा २०३५ च्या आधी बसत नाही. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ ची, म्हणजे डिसेंबर २०३३. आणि मी आत्ता ठाण्यात रस्त्यावर चालती, मूळ रंगातली, मूळ कार्बोरेटरवाली एसएस ८०, म्हणजे तीच पहिली मारुती ८००, शोधायला निघालो तर संध्याकाळी हात हलवत परत येईन. २०३३ ला कोणाला प्लेट देणार आहात?

२०२१ चा व्हिंटेजचा नियम वाईट नाहीये, उलट चांगला आहे, हे आधीच सांगतो म्हणजे मी नुसता रडतोय असं वाटायला नको. ५० वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापरातली, चेसिस, बॉडी, इंजिन मूळ, फार उलथापालथ केलेली नाही, अशी असेल तर नंबरमध्ये "व्हीए" येतं, पहिल्या वेळी २०,००० रुपये, नंतर रिन्यूअलला ५,००० आणि एकदा काढलं की १० वर्षं बघायला नको. रोज ऑफिसला न्यायची नाही, धंद्याला लावायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, गॅरेजला, एवढंच बाहेर काढायची. अगदी योग्य. ज्याच्या घरी अशी गाडी आहे तो तसंही तिला पावसात भिवंडी बायपासला घेऊन जात नाही.

पण साहेब, ५० वर्षांपूर्वी गाडी कोणाकडे होती? संस्थानिकांकडे, गिरणी मालकांकडे, मोठ्या डॉक्टर-वकिलांकडे आणि फार तर एखाद्या डुक्कर फिएटवाल्या काकांकडे. त्यामुळे रॅलीत दिसतात त्या ब्युइक, पॅकार्ड, रोल्स. बघायला मजा येते, मीही जातो, पण त्यातली एकही गाडी माझ्या वाड्यात, माझ्या आळीत, माझ्या नात्यात कधी कोणाकडे नव्हती. आमच्या लोकांकडे गाडी आली ती १९७० च्या नंतर, आणि खरी आली ती १९८० च्या पुढे. लूना, चेतक, एम ८०, कायनेटिक होंडा, सीडी १००, आरएक्स, मारुती. म्हणजे राजाची गाडी वारसा आणि कारकुनाची गाडी भंगार, असं कोणी ठरवून केलेलं नसेल, पण आज होतंय ते हेच.

आणि हा इतिहास आपल्या सेंट्रल लाइनचा आहे हो. फिएट, पुढे प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याला बनायची. लॅम्ब्रेटा भांडुपला. प्यूजो ३०९ म्हणजे थेट कल्याणची, नव्वदीच्या मध्यात आली, कंपनी भांडणात आणि संपात बुडाली आणि तीन-चार वर्षांत विषय संपला, आता चालू अवस्थेतली प्यूजो दिसली तर मी रिक्षा थांबवून उतरेन. एलबीएस रोडने कुर्ल्याहून निघून ठाण्यापर्यंत या, एकेकाळी या पट्ट्यात गाड्या जन्माला यायच्या. आता कंपन्यांच्या जागी टॉवर आहेत आणि नाक्यांना तेवढी नावं राहिलीत, कंडक्टर अजून "नितीन कंपनी" म्हणून ओरडतो आणि नवीन राहायला आलेली पोरं विचारतात कंपनी कुठाय.

वागळे इस्टेटची संध्याकाळ ज्यांनी पाहिलीये त्यांना सांगायला नको. शिफ्ट सुटली की गेटातून सायकली, मग लूना, मग चेतक, सगळ्यांचा मिळून एक निळसर धूर आणि तो टिपिकल टू-टी ऑइलचा वास. चेतक सहज मिळायची नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक, मुलगी बालवाडीत असताना बुक केलेली स्कूटर तिच्या दहावीला आली असे किस्से प्रत्येक बिल्डिंगमध्ये होते. आली की पहिल्यांदा कौपिनेश्वराला, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि मग चारजण तिच्यावर बसून तलावपाळीला चक्कर. चारजण म्हणजे पुढे उभा मुलगा, मग वडील, मग मधे दाबलेली मुलगी आणि मागे एका बाजूला पाय टाकून आई. हे बेकायदेशीर होतं, माफ करा, पण ठाणे असंच फिरायचं.

खाडीपलीकडे तर विचारूच नका. वाशीला लोकल आली १९९२ ला. ठाणे-वाशी ट्रेन तर २००४ ला. त्याआधी सिडकोच्या घरात राहायला गेलेली माणसं आणि ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांत कामाला जाणारी माणसं कशावर जात होती? कंपनीची बस चुकली की कळव्याच्या पुलावरून स्कूटर. अख्खी नवी मुंबई सुरुवातीला दोन चाकांवर उभी राहिली, पण मोरबे धरणापासून पाम बीच रोडपर्यंत सगळ्याचा इतिहास लिहितात, स्कूटरचा कोणी लिहीत नाही.

कायनेटिक होंडाबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, सहन करा. १९८४ ला ती आली तेव्हा पुरुषांनी नाकं मुरडली, प्लास्टिकची गाडी, गिअर नाही, ही काय स्कूटर. आणि बायकांनी ती उचलली. बटण दाबलं की चालू, किक मारायची कटकट नाही, क्लच नाही, साडी सांभाळून पाय ठेवायला सपाट जागा. माझी मावशी चरईतून कळव्याला शाळेत शिकवायला जायची, आधी बस, मग रिक्षा, मग पावसात तासभर उभं राहणं. तिने पीएफमधून पैसे काढून पांढरी कायनेटिक घेतली आणि पहिल्या महिन्यात मामा तिच्या मागे सायकलवर जायचा, पडली तर उचलायला म्हणून. ती नाही पडली, मामा एकदा पडला. गोखले रोडला संध्याकाळी भाजी घेऊन, डिकीत वह्या, पुढे हुकाला पिशवी, आणि चष्म्यावर पाऊस, असं मावशीचं चित्र मला अजून दिसतं. बँकेतल्या, एलआयसीतल्या, शाळांतल्या अशा किती बायका, त्यांना स्वतःच्या वेळेने घरातून निघता आणि परत येता आलं ते या एका गाडीमुळे. आता ठाण्यात चालती कायनेटिक होंडा पाहिलीत का शेवटची कधी? कुठल्या संग्रहालयात बघायला जायचं ती? रोल्स कुठे बघायची ते गूगलवर लगेच सापडतं.

माझी येझदी वडिलांची. ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिची किक आणि गिअरचा लिव्हर एकच. लिव्हर आत दाबून वर फिरवला की तो किक होतो, गाडी चालू झाली की परत खाली आणला की गिअर. सिलेंडर एक पण सायलेन्सर दोन. थंडीत सकाळी चोक ओढून, पेट्रोलचा कॉक उघडून, कार्बोरेटरवरची पिन दाबून थोडं पेट्रोल बाहेर येईपर्यंत थांबायचं, मग किक, आणि मग तो आवाज, जो एकदा कानात बसला की तीन मजले वरून सांगता येतं खाली कोण आलंय. आमच्याकडचा मेकॅनिक वागळेला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, लावायला त्याच्याकडे मशीन नव्हतं, सिगारेटचा पातळ कागद होता. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीच्या स्विचच्या, मधे कागद धरायचा, हाताने इंजिन हळूहळू फिरवायचं, आणि ज्या क्षणाला कागद अलगद सुटतो तिथे पॉइंट उघडतो, बास, तिथे स्क्रू टाइट. डोळे मिटून करायचा तो हे. आवाज ऐकून सांगायचा, कंडेन्सर गेलाय, किंवा सायलेन्सरमध्ये कार्बन बसलाय, काढून भाजून घे. ती शेड रिडेव्हलपमेंटमध्ये गेली, तो गावाला गेला, आणि त्याच्या हाताखालची पोरं आता फूड डिलिव्हरी करतात. गाडी दुर्मिळ होते म्हणजे नुसते पत्रे कमी होत नाहीत, तिची भाषा समजणारी माणसं आधी जातात. पार्ट एकवेळ कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरून, ऑपेरा हाउसला फोन लावून, ओळखीपाळखीने मिळतो, पण तो बसवणार कोण?

आता पासिंगकडे येतो. कुठलं ऑफिस ते सांगणार नाही कारण माणसं तिथली चांगली होती, पद्धत वाईट होती. माझ्या गाडीचा नंबर एमएच येण्याआधीचा, तीन अक्षरी. कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्डच नाही. म्हणे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद कॉम्प्युटरमध्ये चढवून आणा. बॅकलॉग एंट्रीला जुनं रजिस्टर लागणार, रजिस्टर दुसरीकडे, दुसरीकडचा माणूस रजेवर. ते सगळं झाल्यावर चेसिस नंबरचा छाप, म्हणजे हँडलखालच्या नळीवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि नंबर उमटवायचा. ३५-४० वर्षांत त्यावर रंगाचे किती थर चढलेत, ८ आहे की ३ आहे तेच कळेना. शेवटी एजंटच्या पोराने रॉकेलचं फडकं आणि पत्र्याचा तुकडा घेऊन नखाएवढी जागा घासली आणि एकेक आकडा वर आला, खाली मूळचा काळा रंग, इतका चकचकीत की मीच बघत राहिलो. इन्स्पेक्टर साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी चालू करून दाखवा म्हटलं, मग स्वतः करून बघू म्हणाले, आणि किक शोधायला लागले. मी दाखवली. मग गिअर शोधायला लागले. मी परत तीच दाखवली. ते हसले, मी हसलो, मागच्या लायनीतले दोन-तीनजण पुढे येऊन मोबाइलवर शूट करायला लागले. माझं म्हणणं एवढंच आहे की हे एखाद्या ठरलेल्या दिवशी, गाडी ओळखणाऱ्या माणसासमोर झालं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आणि फी. इथे जरा नीट बघा साहेब, कारण हिशोबच उलटा झालाय. १५ वर्षांवरच्या मोटरसायकलचं रिन्यूअल आधी ३०० होतं, एप्रिल २०२२ पासून १,००० झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्यांना २,००० केलं. कारचं ६०० वरून ५,००० आणि आता २० वर्षांवर १०,०००. हे ५ वर्षांचं. त्यावर आपल्या राज्याचा ग्रीन टॅक्स वेगळा. तारीख चुकली तर दर महिन्याला दंड वेगळा. म्हणजे वाशीच्या एखाद्या रिटायर्ड माणसाकडे १९९२ ची पद्मिनी असेल तर १० वर्षांचे नुसते रिन्यूअलचे २०,०००, आणि तेवढ्याच १० वर्षांचे महाराजांच्या गाडीचे, पहिल्या वेळचे २०,००० एकदा भरून झाले की, ५,०००. पद्मिनी त्या माणसाला पुढच्या दहा वर्षांनीही परत २०,००० मागणार, आणि वर विकायला गेला तर तेवढीही किंमत येणार नाही. अशात तो काय करतो? स्क्रॅपवाल्याला फोन. किंवा बाहेरच्या राज्यातला डीलर येतो, एनओसी घेऊन गाडी घेऊन जातो, आरएक्सच्या बाबतीत तर रांग असते डीलरची, आणि मग तीच गाडी कुठेतरी भडक रंग लावून, चुकीचे पार्ट टाकून, लाखांत विकली जाते.

सोसायट्यांचं वेगळंच. आमच्या घोडबंदरच्या बाजूला टॉवरमध्ये कव्हर घातलेली गाडी दिसली की कमिटीची नोटीस, "पार्किंगमधील निरुपयोगी वाहने सात दिवसांत हलवावीत". निरुपयोगी! शेजारी जी एसयूव्ही आहे ती आठवड्यातून एकदा मॉलला जाते, ती उपयोगी. रस्त्यावर ठेवली तर बेवारस म्हणून स्टिकर. माझ्या ओळखीतल्या एकाची प्रीमिअर ११८ एनई अशीच क्रेनला लटकून गेली, कागद पूर्ण होते, पीयूसी होती, धूळ तेवढी होती. धूळ बसली म्हणजे बेवारस असेल तर आमच्याकडे रस्त्याच्या कामाने दोन दिवसांत सगळं ठाणे बेवारस होतं.

आता प्रदूषण. मला माहितीये तुमचे अधिकारी हेच पहिलं म्हणतील आणि बरोबर म्हणतील. टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते, खोटं कशाला बोला. तेल पेट्रोलबरोबरच जळतं, शिवाय थोडं न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं, तिची रचनाच तशी आहे. अशा हजारो गाड्या रोज तीन हात नाक्याला उभ्या राहाव्यात असं मीही म्हणणार नाही, तो वागळेचा निळा धूर आठवायला छान, श्वास घ्यायला नाही. पण आम्ही रोज चालवायची परवानगी मागतच नाही आहोत. महिन्यातून दोन-तीन रविवारी पहाटे येऊरच्या पायथ्यापर्यंत किंवा पाम बीचला एक फेरी, यातून जितका धूर होतो त्यापेक्षा जास्त घोडबंदरला गायमुखाच्या चढावर अडकलेले ट्रेलर एका रात्रीत करतात. टॅक्सीचं गणित निराळं, ती दिवसभर चालते, म्हणून मुंबईत २० वर्षांची मर्यादा लावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, मला वाईट वाटलं पण नियम चुकीचा होता असं म्हणणार नाही. फक्त तोच न्याय कव्हरखाली उभ्या असलेल्या खाजगी गाडीला लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने विषय काढल्यावर सरकारने एमएमआर, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का ते बघायला समिती नेमली, तिकडे दिल्लीत १ जुलैला जुन्या गाड्यांना पेट्रोल बंद केलं आणि दोन-तीन दिवसांत मागे घ्यावं लागलं. उद्या इथे काही आलं तर त्यात या गाड्यांसाठी एक ओळ असू दे, कारण सरसकट आदेश निघतो तेव्हा पहिल्या झटक्यात त्याच जातात आणि नंतर सूट दिली तरी तोवर त्या कापल्या गेलेल्या असतात.

पेट्रोलवर एकच बोलतो कारण तो विषय तुमच्या खात्याचा नाही. २० टक्के इथेनॉल आता पंपावर सगळीकडे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनाभर उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत गंज, कार्बोरेटरमध्ये चिकट घाण, आणि जुने रबरी पाइप, वायसर फुगून मऊ पडतात. नवीन गाड्या त्यासाठी बनवल्यात, १९८७ ची नाही बनवली. आम्ही पाइप बदलून घेतो, टाकी रिकामी करून ठेवतो, जमेल ते करतो.

गंमत बघा, जुन्या नावांना मात्र बाजारात केवढा भाव आलाय. २०१८ ला जावा परत आली, २०२२ ला येझदी, चेतक २०२० पासून बॅटरीवर धावतेय, २०२५ ला कायनेटिकने डीएक्स इलेक्ट्रिक करून आणली, टाटांनी सिएरा आणली. जाहिरातींत सगळीकडे "आठवणी". चांगलं आहे, घेऊ देत लोकांनी. पण ज्या आठवणीवर ही विक्री चाललीये त्या आठवणीची अस्सल प्रत आपण किलोवर घालतोय.

बाहेर काय करतात ते सांगतो, फार लांबवत नाही. जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, ती ३० वर्षांवरची, नीट जतन केलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक धरते. जर्मनीत ३० वर्षांनंतर मूळ अवस्थेतल्या गाडीला नंबरच्या शेवटी "एच" मिळतं आणि टॅक्स ठरावीक. इंग्लंडमध्ये ४० वर्षं. ५० कोणाला सुचलं देव जाणे, कदाचित ऐकायला छान वाटलं असेल.

तर मागणं काय. तुम्ही राज्याकडून केंद्राला लिहा की ५० चं ३० करा, ते जमत नसेल तर ३० ते ५० साठी मधला एक वर्ग करा, नाव काहीही द्या. त्याला व्हिंटेजच्या सगळ्या अटी लावा, रोज चालवायची नाही, धंदा नाही, मूळ अवस्था हवी, वर पीयूसी पण कडक हवी, किलोमीटरची मर्यादा घाला हवी तर, मीटरचा फोटो दरवर्षी पाठवू. ज्या पोरांनी आरएक्सचा सायलेन्सर कापून रात्री दोनला उपवनला आवाज काढत फिरायचं ठरवलंय त्यांना या वर्गात अजिबात घेऊ नका, त्यांच्यामुळे आम्ही पण शिव्या खातो. आणि जे केंद्राला न विचारता होऊ शकतं ते आधी करा. ग्रीन टॅक्स राज्याचा आहे, अशा गाड्यांना त्यात सवलत द्या. ठाणे आणि नवी मुंबईत महिन्यातला एक शनिवार जुन्या गाड्यांच्या पासिंगला ठेवा, तिथे असे इन्स्पेक्टर बसवा ज्यांना फिएटचा गिअर स्टिअरिंगला असतो हे माहितीये, बॅकलॉग एंट्री त्याच टेबलावर करा. पोलीस आणि महापालिकेला सांगा की स्टिकर लावण्याआधी नंबर टाकून बघा, कागद चालू असतील तर मालकाला एक फोन करा, मग उचला. आणि आयटीआयमध्ये रिटायर झालेल्या दोन जुन्या मेकॅनिकना बोलवा, कार्बोरेटर आणि पॉइंट शिकवायला, पोरं कमी येतील पण येतील, कारण या कामाला आता पैसे देणारे लोक आहेत, काम करणारे नाहीत.

संग्रहालय वगैरे मी मागत नाही, त्याचं काय होतं ते आपण बघतो, उद्घाटन होतं आणि मग कुलूप. त्यापेक्षा पाडव्याच्या स्वागतयात्रेत जुन्या गाड्यांना अधिकृत जागा द्या. बुलेटवर नऊवारीतल्या बायका दरवर्षी पेपरात येतात, त्यांच्या पुढे एक लूना, एक लॅम्ब्रेटा, एक कायनेटिक, एक कल्याणची प्यूजो मिळाली तर ती, राम मारुती रोडवरून चालत्या जाऊ देत. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण कायनेटिकला किक मारावी लागत नाही हे ती मला दोनदा सांगून झालीये.

माझ्या येझदीचं पासिंग येत्या मार्चमध्ये संपतंय. फी मी भरणार आहेच, पैसे बाजूला काढून ठेवलेत, फॉर्म पण भरून ठेवलाय. त्याच्या आत तो शनिवारचा दिवस चालू करता आला तर कळवा, मी सकाळी नऊला गाडी घेऊन येतो, आणि किक कुठे असते ते ज्यांना बघायचंय त्यांना तेव्हाच दाखवतो.

आपला,
नौपाड्यातला एक जुना गाडीवाला

ता.क. एचएसआरपी, म्हणजे ती सक्तीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावून घेतली आहे. जुन्या प्लेटवर वडिलांनी पेंटरकडून देवनागरीत काढून घेतलेला नंबर होता, तो कायद्यात बसत नव्हता, माहितीये. ती प्लेट घरात ठेवली आहे, गाडीवर नाही.